सिस्टर, आपलं आडनाव?

हर्निया हा आजार चारचौघांत सांगण्यासारखा नाही. हृदयविकार सांगता येतो. त्यात एक घरंदाजपणा आहे. मधुमेह तर आता लग्नपत्रिकेत छापला तरी कुणी दचकणार नाही. पण हर्निया म्हटलं की ऐकणारा आधी ‘कुठं?’ असं विचारतो आणि मग विचारल्याबद्दल त्याच्याऐवजी आपणच ओशाळतो. म्हणून मी बँकेत रजेच्या अर्जावर ‘पोटाची किरकोळ शस्त्रक्रिया’ असं मोघम लिहिलं. ज्याला हिशेबात ‘किरकोळ खर्च’ या सदराखाली काय काय दडवता येतं हे ठाऊक आहे, त्या कॉमर्सवाल्याला एवढं सुचणारच.

कारण म्हणाल तर चिल्लर. एका देवस्थानच्या दानपेटीतली दहादहाच्या नाण्यांची पिशवी काउंटरखालून मी एकट्यानं उचलली. शिपाई चहाला गेला होता. देवाच्या चिल्लरीनं झालेलं दुखणं म्हणून मी काही दिवस ते श्रद्धेनं सोसलं, पण डॉक्टरांनी जाळी बसवायलाच हवी असं सांगितलं. आमच्या विम्यात खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेत बसणारी खोली हल्ली आठ जणांत मिळून असते. तेव्हा घराजवळच्या एका खाजगी रुग्णालयात, पुरुषांच्या वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर मी चार दिवसांसाठी दाखल झालो.

पुढचं सांगण्याआधी एक कबुली देऊन टाकतो. मी पूर्ण नावाचा माणूस आहे. बी. कॉम. झाल्यावर बँकेत चिकटलो त्याला आता तेवीस वर्षं झाली, आणि या तेवीस वर्षांत अर्ध्या नावावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही. पासबुकात ‘सुरेश’ आणि आधार कार्डावर ‘सुरेशचंद्र’ असलेल्या एका गृहस्थाला मी स्वतः तीन खेपा घालायला लावल्या आहेत. तिसऱ्या खेपेला तो बिचारा म्हणाला, “साहेब, मला घरात सुऱ्या म्हणतात, तेही आत्ताच लिहून घ्या.” मधलं नाव नसलेला माणूस मला नेहमी पाया न घेता बांधलेल्या घरासारखा वाटतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचंही नाव लावायचं ठरलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. फक्त ही मुलं बँकेत नोकरीला लागतील तेव्हा त्यांचा बिल्ला एका खिशावरून दुसऱ्या खिशापर्यंत जाईल एवढीच एक शंका आली.

बिल्ला आम्हालाही असतो. प्रत्येक कर्मचाऱ्यानं फोटो आणि नाव असलेला बिल्ला अंगावर लावावा, त्यानं सुरक्षितता तर राहतेच, पण ग्राहकाशी जवळीकही वाढते, असं रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या परिपत्रकात आम्ही वाचलेलं आहे. माझ्या बिल्ल्यावरचा फोटो नोकरीला लागलो तेव्हाचा असल्यामुळे पुष्कळ ग्राहक ‘हे साहेब कधी येणार?’ असं मलाच विचारतात. पण जवळीक वाढली हे खरं. बिल्ल्यावरचं नाव वाचून एका ग्राहकानं मला फेसबुकवर शोधलं, मैत्रीची विनंती पाठवली, मी भिडेखातर ती स्वीकारली, आणि त्याच रात्री साडेअकरा वाजता त्यानं विचारलं, ‘सर, एनईएफटी झालं का?’ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालू झालं आहे. मी नाही. पण हे त्याला समजावायला मला बारा वाजले.

तरी माझं मत बदललं नव्हतं. जो पगार घेऊन लोकांची कामं करतो त्यानं छातीवर नाव लावावं, पूर्ण लावावं, आणि लोकांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावावं. असा करकरीत बाणा घेऊन मी दवाखान्यात गेलो.

तिथं सगळा उलटा न्याय. माझं पूर्ण नाव मनगटावर, खाटेच्या पायथ्याशी, फायलीवर, औषधांच्या पिशवीवर. वय, वजन, रक्तगट जाहीर. सकाळी पोट साफ झालं की नाही, याचासुद्धा एक रकाना, आणि तो भेटायला येणारा कुणीही उभ्या उभ्या वाचू शकतो. माझ्या साडूंनी तो वाचला आणि मान डोलावली. आणि ज्यांच्या हातात माझा जीव, त्यांचं नाव? एक सिस्टर, दुसऱ्या सिस्टर, रात्रीचे ब्रदर, फरशी पुसणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा. इतके जवळचे नातेवाईक माझ्या लग्नातसुद्धा जमले नव्हते, आणि नाव एकाचंही ठाऊक नाही.

यातलं ‘सिस्टर’ हे मोठं चमत्कारिक नातं आहे. पूर्वी रुग्णांची शुश्रूषा मठातल्या जोगिणी करत, त्यांना सिस्टर म्हणत, त्यावरून हे आलं. विलायतेत पुढं वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेला ती पदवी राहिली. आपण उदार, आपण सगळ्यांनाच देऊन टाकली, पगार न वाढवता. सत्तर वर्षांचे आजोबा बावीस वर्षांच्या मुलीला सिस्टर म्हणतात, त्यांचा मुलगाही सिस्टर म्हणतो आणि नातूही. सरकारनं मराठीत व्यवस्था लावून ठेवली आहे: परिचारिका, अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. पण टाके ओढले जात असताना माणसाच्या तोंडून ‘अहो अधिपरिचारिका’ कसं निघणार? तेवढ्यात सलाईन संपायचं. केंद्र सरकारनं २०१६ साली आपल्या रुग्णालयांतल्या स्टाफ नर्सना ‘नर्सिंग ऑफिसर’ हे पदनाम दिलं. ऑफिसर म्हणून हाक मारण्याची आम्हा क्लार्क लोकांना सवय आहे, पण मग बेडपॅन मागायचा धीर होत नाही.

शेजारच्या आठ नंबरला अण्णा होते. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, प्रोस्टेटसाठी आलेले. सगळी हयात सातबारा वाचण्यात गेल्यामुळे माणसाकडेही ते उताऱ्यासारखंच बघत: भोगवटादार कोण, इतर हक्क कुणाचे, बोजा किती. मी खाटेवर नीट टेकलोही नव्हतो तोच त्यांनी मला आडनाव विचारलं, मग मूळ गाव, मग कुलदैवत, आणि पाच मिनिटांत माझ्या मावशीच्या सासरच्या कोर्टकचेरीपर्यंत येऊन पोचले. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असलं की अण्णांना ते फार सोपं जाई. गाव आयतंच हाती येतं. पण पवार, जाधव, गायकवाड, मोरे असं काही आलं की ते उशीला टेकून सावध बसत, कारण ही आडनावं महाराष्ट्रात एका जातीत मावत नाहीत. मग ‘गाव कुठलं?’, त्यानं भागलं नाही तर ‘लग्नात देवक काय बसवता?’, आणि सगळं हाती आल्यावर, ‘नाही, सहज विचारलं.’ आपल्याकडचे सगळे चौकशी आयोग या ‘सहज’वर सुरू होतात आणि ‘सहज’वरच संपतात.

अण्णांना चीत करणारी एकच व्यक्ती त्या वॉर्डात निघाली. सकाळपाळीला केरळच्या एक सिस्टर होत्या. त्यांच्या बिल्ल्यावर एक नाव आणि त्याला जोडून इंग्रजी एक अक्षर.

“सिस्टर, ये अक्षर क्या है?” अण्णांनी विचारलं.

“घर का नाम.”

“मतलब आडनाव?”

“नहीं अंकल. घर का नाम. हमारा जो घर है ना, उसका.”

अण्णा दुपारभर छताकडे बघत होते. घराला नाव असतं आणि ते माणसाला लावतात, ही गोष्ट त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसेना. “म्हणजे आपल्याकडे ‘मातृछाया’ लावल्यासारखं झालं की हो,” असं त्यांनी शेवटी मला हळूच विचारलं.

इतर सिस्टरांचे बिल्ले मात्र अण्णांच्या सोयीचे होते. रुग्णालयानं ते मोठ्या हौसेनं छापलेले: आधी ‘सौ.’ किंवा ‘कु.’, मग नाव, मग मधलं नाव, मग आडनाव. ब्रदरच्या बिल्ल्यावर ‘श्री.’ होतं. आता ‘श्री.’वरून काय कळतं? माणूस आहे आणि हयात आहे, एवढंच. पण ‘कु.’ची तऱ्हा वेगळी. बाईच्या मधल्या नावात आधी वडील आणि नंतर नवरा येतो, म्हणून तिचं पूर्ण नाव वाचलं की लग्न, माहेर की सासर, गाव आणि अण्णांसारख्या अधिकारी पुरुषाला जात, असं सगळं एका इंजेक्शनच्या वेळात वाचून होतं. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मी फक्त अक्षरं केवढी आहेत ते बघत होतो.

ऑपरेशन झालं त्या रात्रीची गोष्ट. दोनच्या सुमारास भूल पूर्ण उतरली आणि पोटात कुणीतरी चिल्लर मोजायला बसलं. मी घंटा दाबली. कुणी येईना. पुन्हा दाबली. वीस मिनिटांनी एक सिस्टर घाईघाईनं आल्या, पंचविशीतल्या असतील, माझ्याकडे न बघताच सलाईनकडे बघितलं आणि म्हणाल्या, “थांबा जरा काका, तुम्हीच एकटे नाही आहात वॉर्डात,” आणि गेल्या. त्यानंतर आणखी दहा मिनिटांनी इंजेक्शन मिळालं.

यातलं मला जास्त काय लागलं, वीस मिनिटं की ‘काका’, हे अजून ठरलेलं नाही. पण तक्रार करायची हे मात्र मी तिथंच ठरवलं. काउंटरवर पाच मिनिटं उशीर झाला तर लोक माझ्या पूर्ण नावानिशी हेड ऑफिसला लिहितात. मग मी का सोडू? उशाखालचा चष्मा लावला आणि इंजेक्शन देताना त्यांच्या बिल्ल्याकडे बघितलं. डोळे आधी गेले ते आडनावाच्या जागेवर. तिथं सुईवर लावतात ती पांढरी कागदी पट्टी चिकटवलेली! पुढं ‘कु.’ असावं तिथंही पट्टीचा एक तुकडा. मधून फक्त पहिलं नाव, दार किलकिलं करून कुणी बघावं तसं.

“सिस्टर, आपलं पूर्ण नाव काय?”

“सिस्टरच म्हणा,” त्या म्हणाल्या आणि दिवा मालवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या भाचीचा इंग्लंडहून फोन आला. ती तिकडं डॉक्टर आहे. मी तिला तब्येतीऐवजी बिल्लाच सांगितला. ती म्हणाली, “मामा, तुझं काही चुकत नाही. इथं केट ग्रेंजर म्हणून एक डॉक्टर होती. तिला स्वतःला कॅन्सर झाला, रुग्ण म्हणून खाटेवर पडली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे आपलं नावसुद्धा सांगत नाहीत. म्हणून २०१३ साली तिनं चळवळ सुरू केली: रुग्णाजवळ गेलात की आधी ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ असं म्हणा. २०१६ मध्ये ती गेली, पण तिचे बिल्ले अजून लोक लावतात.”

“बघ!” मी इतक्या जोरात म्हणालो की टाके ओढले गेले.

“पण मामा, ती नाव सांगा म्हणाली. वंशावळ सांगा असं कुठं म्हणाली?”

परदेशात गेलेली मुलं अशी अर्ध्यावर बाजू बदलतात. मी फोन ठेवला आणि एका हातानं पोट धरून इनचार्ज सिस्टरांच्या टेबलाशी गेलो. पंचावन्नच्या पुढच्या, चष्म्याला साखळी, आणि मान वर न करता वॉर्डातल्या आठही खाटा दिसतील असा चेहरा.

“बोला सात नंबर.”

“मला तक्रार करायची आहे. पण त्या सिस्टरांचं पूर्ण नाव मिळत नाही. पट्टी लावली आहे.”

“नाव कशाला हवं? वेळ सांगा.”

“दोन वाजून पाच मिनिटं.”

त्यांनी एक जाडजूड रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. दोन पाचला सात नंबरची घंटा. दोन पंचवीसला पाहणी. दोन पस्तीसला इंजेक्शन, औषधाचं नाव, मात्रा, पुढं छोटी सही. त्याच्या वरची ओळ: एक पन्नासला चार नंबरचा श्वास अडला, ऑक्सिजन, डॉक्टरांना बोलावलं. ते दोन तीसपर्यंत. तिथंही तीच सही. रात्री आठ खाटांना मिळून त्या एकट्याच होत्या; ब्रदर खालच्या अपघात विभागात.

मी तेवीस वर्षं व्हाउचर बघतो आहे. असं चोख व्हाउचर आमच्याकडे ऑडिटच्या आदल्या रात्रीसुद्धा होत नाही. कुणी केलं, किती वाजता केलं, काय केलं, सगळं एका ओळीत, आणि आडनावाची गरज कुठंच नाही. चेकवरसुद्धा आम्ही शेवटी शोधतो ते नंबरानंच. नाव आपलं शोभेला. चार नंबरकडे मी बघितलं. ते गृहस्थ बसून चहात बिस्किट बुडवत होते. रात्री त्यांचं काय चाललं होतं ते मला माहीतच नव्हतं. मधला पडदा ओढलेला होता आणि मी माझ्या घंटेत होतो.

“तक्रार लिहायची का?” त्यांनी विचारलं.

“नको.”

“लिहा हो. काका म्हणाली ते लिहा. मी बोलते तिला,” आणि पहिल्यांदाच त्या हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पट्टीचं मात्र मनाला लावून घेऊ नका.”

गोष्ट अशी होती. मागल्या वर्षी एका रुग्णाचा नातेवाईक आठवडाभर सोबतीला होता. मुलीच्या बिल्ल्यावर ‘कु.’ आहे हे त्यानं वाचलं, पुढचं पूर्ण नावही पाठ केलं. रुग्ण घरी गेला, हा गेला नाही. फेसबुकवर सापडली. आधी ‘थँक्यू सिस्टर’, मग गुलाबाची चित्रं, मग रात्री अकराला ‘जेवण झालं का?’. तिनं त्याला बंद केलं तर दुसऱ्या नावानं आला. वडिलांचं नाव आणि आडनाव हाती असल्यावर गाव शोधायला किती वेळ? एक दिवस गावी तिच्या घरी फोन गेला, ‘तुमच्या मुलीचं आमच्याकडे जमलंय.’ मग ती राहायची त्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन यानं वॉचमनला तिचं पूर्ण नाव घेऊन विचारलं. दोनदा. घरमालकीण म्हणाली, असल्या भानगडी आमच्याकडे नकोत, खोली सोड.

“पोलिसात नाही गेली?”

“गेली ना. मी सोबत होते. त्यांचाही पहिला प्रश्न तोच, पूर्ण नाव काय? दुसरा, लग्न झालंय का?” सिस्टरांनी रजिस्टर मिटलं. “दम भरला त्यांनी, तो थांबला. पण खोली तिलाच बदलावी लागली.”

लिफ्टजवळच्या भिंतीवर एक पाटी आहे. डॉक्टर, परिचारिका यांच्यावर हल्ला केल्यास २०१० च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद, जामीन नाही. जाता-येता मी ती वाचली होती आणि बरं वाटलं होतं. रात्री अकराच्या ‘जेवण झालं का?’बद्दल पाटीवर काही लिहिलेलं नाही.

“मग पहिलं नाव आणि नंबर एवढंच छापा की,” मी म्हणालो. “आमच्या चेकसारखं.”

“नंबर आहेच. बिल्ल्याच्या मागे छापलाय, वंशावळ पुढे.” म्हणजे या बाई आणि माझी भाची एकमेकींना ओळखत असल्या पाहिजेत. “मी लेखी दिलंय वर. ‘विनंती विचाराधीन आहे’ असं उत्तर आलंय.” ही भाषा मला अनोळखी नव्हती. “तोवर पट्टी लाव असं मी तिला सांगितलेलं नाही. पण पट्टी आमच्याच ट्रेमधली आहे, आणि मला हल्ली लांबचं दिसत नाही. एक मात्र सांगते, नाव झाकून रुग्णावर खेकसणाऱ्याही एकदोघी असतात. त्यांची पट्टी मी स्वतः ओढून काढते.”

त्याच संध्याकाळी मावशींनी पाण्याचे तांबे भरून आणले. आदल्या दिवशीच अण्णांनी मावशींची ‘सहज’ चौकशी पूर्ण केली होती. गाव, देवक, सगळं. अण्णांना गोळी घ्यायची होती. मावशींनी पेला पुढं केला. अण्णा म्हणाले, “राहू दे, सूनबाई येईल आत्ता, ती देईल.” पट्टीवाल्या सिस्टर ट्रे घेऊन उभ्याच होत्या.

“अण्णा, सहाची गोळी आहे. सूनबाई साडेसातला येतात.”

“तू दे ना मग. तुझं आडनाव काय म्हणालीस गं?”

“मी म्हटलंच नव्हतं,” सिस्टर म्हणाल्या. “पाणी मावशींनी आणलंय. गोळी माझ्याकडे आहे. दोन्ही एकदमच घ्यायची असतात.”

आणि त्या पेला धरलेल्या मावशींच्या शेजारी तशाच उभ्या राहिल्या. ट्रे हातात, घाई नाही. रात्री वॉर्डभर पळणारी ही मुलगी दुसरं काहीच काम नसल्यासारखी उभी होती. अण्णांनी छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. शेवटी त्यांनी पेला घेतला.

मी काहीच बोललो नाही, हे इथं नमूद केलं पाहिजे. पुढचा पेला मावशींनी मला दिला, तो मी गटागटा प्यायलो, आणि पिताना ‘आपण बाबा असलं काही पाळत नाही’ असं मनातल्या मनात म्हटलं. म्हणजे मावशींचं आडनाव मलाही ऐकू आलं होतं आणि मीही ते कुठल्यातरी रकान्यात टिपून ठेवलं होतं. नुसतं पाणी प्यायचं सोडून मी त्याची पावती फाडत होतो. आणि रात्री चष्मा लावून आडनावाच्या जागेवर आधी नजर गेली, ती काय सगळी तक्रारीसाठीच? अण्णा निदान तोंडानं विचारतात.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. जाताना एक छापील अभिप्राय-पत्र भरायला दिलं. त्यात रकाना: ‘सेवा देणाऱ्या परिचारिकेचे पूर्ण नाव’. मी आयुष्यात कधी रकाना कोरा सोडलेला नाही. तिथं लिहिलं: ‘पुरुष वॉर्ड, रात्रपाळी, खाट क्रमांक चार आणि सात. सही रजिस्टरात आहे.’ आणि खाली माझं स्वतःचं पूर्ण नाव, मधल्या नावासकट.

तीन महिने झाले. परवा सोमवारी काउंटरवर तोबा गर्दी. पेन्शन, केवायसी, आणि तीच ती देवस्थानची चिल्लर. केवायसीचे कागद तपासून झाले की ग्राहकाचं पूर्ण नाव मोठ्यानं पुकारायची माझी जुनी सवय; नाव असं खणखणीत घेतो की बाहेरचा पानवालाही वळून बघतो. पुढचा अर्ज उचलला, आधार कार्डाची प्रत बघितली, तोंड उघडलं, आणि नावापाशी अडलो. पहिलं नाव ओळखीचं होतं. पुढचं सगळं पहिल्यांदाच बघत होतो. मधलं नाव, आडनाव, गाव, पिनकोड. सगळं छापील आणि स्पष्ट, कुठंही पट्टी नाही. रांगेत पंधरा माणसं. पहिल्याच बाकावर एक गृहस्थ बसले होते, अण्णांच्याच वयाचे, कान टवकारून.

“टोकन नंबर सत्तेचाळीस,” मी म्हणालो.

त्या पुढं आल्या. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये मी त्यांना ओळखलंही नसतं. त्यांनी मला ओळखलं. चेहरा एकदम फुलला.

“अय्या, सात नंबर! काका, हर्निया कसा आहे? वजनबिजन उचलत नाही ना आता?”

पंधरा माणसं, दोन ऑफिसर, शिपाई आणि पहिल्या बाकावरचे ते गृहस्थ यांनी एकदम माझ्याकडे, म्हणजे काउंटरच्या वर माझा जेवढा भाग दिसतो त्याच्या खाली, बघितलं. शिपाई तर चहाचा ट्रे घेऊन तिथंच थांबला. ‘पोटाची किरकोळ शस्त्रक्रिया’ त्या दिवशी जमा-खर्चाला लागली.

रात्री जेवताना हिला सगळं सांगितलं. ही पोट धरून हसली. आणि मग भात वाढता वाढता म्हणाली,

“काय आडनाव निघालं हो त्यांचं?”

“ते सांगता येणार नाही. नोकरीला लागताना आम्ही गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केलेली असते.”

“मला सांगायला काय होतं? मी कुणाला सांगणार आहे? सहज विचारलं.”

मी ताटात बघत राहिलो. तिनं आमटीची पळी परत पातेल्यात ठेवली.

“गावभर स्वतःचा हर्निया करून आलात,” ती म्हणाली, “आणि बायकोशी गुप्तता!”